रिसालदाराचं वय

"हे कुणी खरं मानणार नाही. पण या अंगणात असा एक कोंबडा होऊन गेला, की तो नुसती मान ताणून उभा राहिला तर भिंतीपलीकडे आमच्या चुलीवर काय शिजतंय ते त्याला दिसायचं."

"भिंत माझ्या कमरेएवढी होती," अनवरीभाबी म्हणाल्या.

त्या सीताफळाच्या सावलीत बाजेवर बसून सुपातली बाजरी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही आणि मीही थांबलो नाही. थाप मारणाऱ्यानं पहिल्याच अडथळ्याला थांबायचं नसतं, नाहीतर गाडी घाटाच्या पायथ्यालाच बंद पडते.

"तेव्हा उंच होती भाबी. पन्नास वर्षांत खचली."

कडूबा खो खो हसला. तो जकात नाक्यावरून रिटायर झाला आणि मी गुरांच्या दवाखान्यातून. तेव्हापासून दुपारचा चहा आम्ही दोघं छावणीतल्या या अंगणातच घेतो. भाबींचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये फक्त ती भिंत आहे, जिच्या उंचीबद्दल आत्ताच मतभेद झाला.

"काका, गोष्ट नंतर," फहमिदा म्हणाली. ती भाबींची नात. समोर उकिडवी बसली होती, ओढणीच्या झोळीत तीन पिल्लं घेऊन. तिच्या बाजूला डालगं उपडं घातलेलं, वर दगड. डालग्याच्या फटीतून एक लालबुंद बोडकी मान बाहेर येत होती, इकडंतिकडं पाहत होती आणि परत आत जात होती. "आधी सांगा, हा सुलतान ठेवायचा का कापायचा? रविवारी जालन्याचे मेहमान येतायत. अब्बू म्हणतात, नर बिघडला असेल तर त्याला दाणे घालण्यात काय मतलब."

या जातीच्या कोंबडीला मानेवर पीस नसतं. डोक्यावर पिसं, अंगावर पिसं, मधली मान मात्र उघडी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी अर्धी सोलली आणि विचार बदलून सोडून दिली. पण त्यातही दोन प्रकार आहेत. एकाची मान अगदी साफ. दुसऱ्याच्या गळ्याशी, पुढच्या अंगाला, पिसांचा एवढासा झुपका, जसा काही घाईत दाढी करताना राहून गेलेला. भाबींच्या अंगणातली जात साफ मानेची. वैजापूर-कन्नडपासून माणसं अंडी मागायला यायची ती या साफ मानेसाठी. उन्हाळ्यात बाकीच्यांच्या कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकत पडतात, तेव्हा या अंड्यावर असतात.

आणि आता अकरा पिल्लांत तीन झुपक्याची निघाली होती.

"दादीला विचारलं का?" मी म्हणालो.

"विचारलं. त्या म्हणाल्या, बन्सीला विचार. तो दवाखान्यातला माणूस."

हे खरं होतं. चौतीस वर्षं मी दवाखान्यात होतो. बैलाचं डोकं धरायचं, लशीच्या बाटल्या बर्फात घालून खेड्यापाड्यांत न्यायच्या, डॉक्टरसाहेबांचे हात धुवायला पाणी घालायचं. पण गल्लीत मला सगळे डॉक्टरच म्हणत, आणि मी कुणालाही कधी दुरुस्त केलं नाही.

"तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या कोंबड्याच्या, रिसालदाराच्या गोष्टीत आहे," मी म्हणालो. "ऐक. मग ठरव."

भाबींनी एक खडा उचलला आणि लांब टाकला.

"तर पोलीस ॲक्शन झाली. तुझे पणजोबा निजामुद्दीनचाचा निजामाच्या रिसाल्यात नालबंद होते. घोड्यांचे नाल ठोकायचे. रिसाला मोडला, घोडे गेले, आणि चाचा घरी आले ते नालांच्या खिळ्यांची एक पेटी आणि उघड्या मानेच्या कोंबड्यांची एक जोडी घेऊन. जोडी मिसरहून जहाजानं आली होती."

"जोडी हैदराबादच्या एका खानसाम्यानं दिली होती," भाबी म्हणाल्या. "त्याच्या साहेबाचा घोडा लंगडत होता, तो अब्बांनी बरा केला म्हणून."

"खानसामा मिसरचा होता."

"खानसामा बिदरचा होता. चाय पी, थंडी होतेय."

मी चहा प्यायलो. कडूबानं बिडी पेटवली.

ती जोडी अंगणात हिंडायला लागली तेव्हा गल्लीत एकच विषय होता. कुणी म्हणे, निजामुद्दीननं गिधाडं पाळली. माझी आई आवडाबाई मनानं फार मऊ. तिनं एक दिवस भिंतीवरून वाटी दिली. "बयो," ती भाबींना म्हणाली, "तुझ्या कोंबड्यास्नी लई खरूज झाली गं. हे करंजीचं तेल लाव. आठ दिवसांत पिसं येतेत." भाबी घरात नवीन होत्या, शेजारणीला नाही कसं म्हणायचं. त्यांनी तेल लावलं. कोंबड्या तेलकट माना घेऊन धुळीत लोळल्या आणि चार दिवस मातीच्या केल्यासारख्या फिरत राहिल्या.

"हे मात्र खरंय," भाबी म्हणाल्या. "आवडाबाई रोज येऊन बघायची, पिसं फुटली का."

पण चाचांसाठी तो चेष्टेचा विषय नव्हता. पंचवीस वर्षं त्यांच्या शब्दावर घोडा पाय उचलायचा. आता घोडे नव्हते, हुद्दा नव्हता, पगार नव्हता. मुलगा इलियास, भाबींचा नवरा, हैदराबादेत छापखान्यात होता, दोन महिन्यांतून एकदा यायचा. हाताखाली उरल्या त्या कोंबड्या. पहिल्या जोडीच्या गळ्याला झुपका होता. तो घालवायचा, हे चाचांनी मनावर घेतलं. दर खेपेला साफ मानेची पिल्लं ठेवायची, झुपक्याची बाजूला काढायची. पुढं कायदाच केला: साफ म्हणून ठेवलेल्या नरानं झुपक्याचं पिल्लू दिलं, की तो नर पातेल्यात. पाच-सहा वर्षं गेली. तोवर चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दिसायचं ते फक्त ऊन आणि सावली. पिल्लाची परीक्षा ते अंगठ्यानं करत. पिल्लू डाव्या मुठीत घ्यायचं आणि उजव्या हाताचा अंगठा गळ्यावरून खाली उतरवायचा. त्या अंगठ्यानं हजारो खूर वाचले होते, त्याला एक केस चुकत नव्हता.

बाकी सगळं भाबींनी केलं. खुराडं झाडणं, राखेचा ढीग ताजा ठेवणं, कण्यांत कांदा ठेचून घालणं. अंड्यावर कोळशानं खूण करून ते कुठल्या कोंबडीचं हे लक्षात ठेवणं. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक कोंबडीची वेगळी खूण. एकीची रेघ, एकीचा टिंब, एकीचा चांद. खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या कोंबडीच्या टोपलीत अंड्यांच्या बरोबर चाचांच्या पेटीतला एक नालाचा खिळा ठेवायचा, म्हणजे वीज कडाडली तरी अंडी खराब होत नाहीत. माणसं नवसाला जातात, सिनेमाला जातात, माहेरी जातात. कोंबडी खुडूक बसली की भाबी एकवीस दिवस शहागंजच्या बाजारालासुद्धा जात नसत.

"आणि रिसालदार?" फहमिदानं विचारलं. तिला गोष्टीत ओढलं होतं एकदाचं.

"रिसालदार त्या पाच-सहा वर्षांचं फळ. मान अशी, की रात्री कंदिलाची गरज नाही. छावणीत सकाळी बिगुल वाजायचा, त्याच्या आधी हा आरवायचा. शेवटी शेवटी बिगुलवालाच याचं ऐकून उठायचा. एकदा खुद्द कर्नलसाहेब त्याला मागायला आले. म्हणाले, याच्या बदल्यात घोडा देतो."

"कर्नलचा बावर्ची आला होता," भाबी म्हणाल्या. "आणि घोडा नाही, डालड्याचा डबा देतो म्हणाला."

"डबा मोठा होता."

"रिकामा होता."

कडूबाला ठसका लागला. "बन्सी, तुझ्या गोष्टीतून भाबी वजा केल्या तर तू मंत्री झाला असता."

"पण देखणा होता," भाबी अचानक म्हणाल्या. सुपाकडंच पाहत. "अंड्यातून निघाला तेव्हा अशक्त होता. आईनं टोचून बाजूला केलेला. मी पंधरा दिवस त्याला चोळीत घालून फिरले. मोठा झाल्यावरही मी भाकऱ्या थापायला बसले की पाठीला पाठ लावून बसायचा."

हे मला माहीत नव्हतं. मी गोष्ट पुढं रेटली.

"मग मानमोडी आली. तू पाहिली नाहीस फहमिदा, ती पाहू पण नये. सकाळी कोंबडी मान वाकडी करून गोल गोल फिरते आणि संध्याकाळी संपते. अख्ख्या छावणीतली खुराडी ओस पडली. मी दवाखान्यातून लस आणली म्हणून इथला रिसालदार आणि तीन माद्या वाचल्या."

"लस तू चौथ्या दिवशी आणलीस. तोवर एकवीस गेल्या होत्या."

"पण आणली ना?"

"आणलीस," भाबी म्हणाल्या. "ते आम्ही विसरलो नाही."

आता सगळी जात त्या चारांवर उभी होती. एक नर, तीन माद्या. चाचांनी ठरवलं, यांचीच अंडी बसवायची. आणि त्यांनी माझ्या वडिलांना भिंतीपाशी बोलावलं. आमच्याकडे साधा लाल कोंबडा होता, मानेवर भरगच्च पिसं, गुण एकच, भांडखोर. मानमोडीतही मेला नव्हता. चाचा म्हणाले, "पुंजारामभाई, मेहरबानी करो. दो महिने तुमचा मुर्गा बांधून ठेवा. त्याचा पाय आमच्या अंगणात पडला, तर माझी सगळी मेहनत पाण्यात." वडील म्हणाले, "चाचा, बोलायचं काम नाय. बन्सी, आजपासून कोंबडा तुझ्या जिम्म्यात." मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, दवाखान्यात नुकताच लागलो होतो. सुतळी आणली आणि कोंबडा ओसरीच्या खांबाला बांधला.

"दोन महिने बांधलेला होता," मी फहमिदाला म्हणालो. "एक दिवस सुटला नाही."

मला वाटलं, भाबी इथंही काहीतरी दुरुस्त करतील. भिंत, खानसामा, डबा, त्यांनी काही सोडलं नव्हतं. पण त्यांची बोटं बाजरीत तशीच राहिली, एवढंच.

"तेरा अंडी बसवली. एकविसाव्या दिवशी अकरा फुटली. तुझ्यासारखीच अकरा. भाबींनी पिल्लं सुपात घातली आणि चाचांच्या पुढ्यात ठेवली. मी भिंतीवर हात टेकून उभा. चाचा एक एक पिल्लू उचलतायत, अंगठा फिरवतायत, साफ, साफ, साफ. पाचव्याला अंगठा थांबला. परत वरून खाली आणला. परत थांबला. ते पिल्लू त्यांनी वेगळं ठेवलं. अकरा संपली तेव्हा सात इकडं आणि चार तिकडं."

"मग?"

"मग काय. चाचांनी तोंड भिंतीकडं केलं. आणि मग मला म्हणाले, 'बन्सी बेटा, सच बोल. तुम्हारा मुर्गा बंधा था?' मी म्हणालो, 'होता की चाचा. एक दिवस सोडला नाही.'"

इथं एक गोष्ट आहे, जी मी ही कहाणी सांगताना कधी सांगत नाही. अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात, पोलीस ॲक्शननंतर जेव्हा कुणाचं कुणाला भान नव्हतं, तेव्हा माझ्या वडिलांनी चाचांच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं होतं. आत नुकतेच घरी परतलेले चाचा, इलियास, नव्यानं आलेल्या भाबी. किल्ली वडिलांच्या करदोट्याला. विचारायला जो येईल त्याला ते ओट्यावर बसून शांतपणे सांगत, "घर रिकामं हाय. माणसं गेली हैदराबादला." नऊ दिवस. भाकरी भिंतीवरून जायची. आमच्या घराण्यात मारली गेलेली तेवढीच एक कामाची थाप. त्या दिवसापासून आमच्या घरातून निघालेला शब्द चाचांनी कधी पारखून घेतला नाही. वडिलांचा नाही, आईचा नाही, आणि म्हणून माझाही नाही.

चाचांनी मला परत विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "तू दवाखान्यात असतोस. मग हे कशानं झालं?"

"आणि मी त्यांना सांगितलं," मी फहमिदाला म्हणालो, "तेच तुला सांगतो. नराचं वय झालं, की त्याचं बी मागं जातं. आजा-पणजाचं रूप वर येतं. आमचे डॉक्टरसाहेब म्हणायचे, पुस्तकात लिहिलंय. रिसालदाराचं वय झालं होतं. त्याच्या अंगात आता ती पहिली झुपक्याची जोडी बोलायला लागली होती. असा नर ठेवला तर पुढची सगळी जात बिघडते."

"किती वय होतं?" कडूबानं विचारलं.

"असेल सात-आठ."

"तीन," भाबी म्हणाल्या. आवाज वेगळा होता, पण मी गोष्टीच्या उतारावर होतो. उतारावर ब्रेक लागत नाहीत.

"चाचांचा कायदा म्हणजे कायदा. रिसालदार असो नाहीतर जमादार. त्या शुक्रवारी तो गेला. डौलानं गेला बरं का. स्वतःहून चालत आला, मान खाली घातली, सलाम केला—"

"काका!" फहमिदा म्हणाली.

"बरं, सलाम नाही केला. पण रस्सा! फहमिदा, तुझ्या दादीच्या हातचा तो रस्सा. आमच्या घरी भिंतीवरून वाडगा आला. आईनं त्या दिवशी उपास धरला होता, वडील गावाला. अख्खा वाडगा मी एकट्यानं संपवला. आज मी सदुसष्ट वर्षांचा आहे. शहागंजच्या खाणावळी झाल्या, लग्नं झाली, दावती झाल्या. तसा झकास रस्सा परत जिभेला लागला नाही. खारट नाही, तिखट नाही, सगळं कसं बेताचं. आणि बघ, नर बदलल्याबरोबर जात सुधारली. त्या सात पिल्लांतलाच एक नर ठेवला. आज तुझ्या डालग्याखाली जो आहे, तो त्याच्याच वंशातला. तेव्हा चाचांनी माया केली असती, तर तुझ्यापर्यंत काय पोचलं असतं?"

फहमिदानं झोळीतल्या तिन्ही पिल्लांच्या गळ्यावरून एकेक बोट फिरवलं. सुलतानकडं पाहिलं. त्याची मान फटीतून बाहेर आलेली होती आणि ती वाकून तिच्या ओढणीचं टोक ओढत होती.

"हाही तीनचाच आहे," ती म्हणाली. "पण पुस्तकात असेल तर असेल." ती उठली. "ठीक आहे. रविवारी हाच. मी अब्बूला सांगते, दुसरं काही आणू नका."

"फहमिदा," भाबी म्हणाल्या. "डालग्यावरचा दगड काढ."

"दादी, पळेल तो."

"पळू दे. काढ."

तिनं दगड काढला. डालगं उचललं. सुलतान पळाला नाही. पंख झटकले आणि अंगण आपल्याच बापाचं अशा चालीनं सीताफळाकडं निघाला.

भाबींनी सूप बाजूला ठेवलं. दोन्ही हात गुडघ्यांवर झटकले.

"मागच्या घरात नवे किरायेदार आलेत, त्यांचा तुरेवाला मुर्गा रोज सकाळी मागच्या पत्र्यावर बसतो," त्या फहमिदाला म्हणाल्या. "तू कॉलेजात जातेस तेव्हा उतरतो. दोन साफ गर्दनांच्या पोटी झुपका येत नाही बेटा. वय होऊ दे, नाहीतर काही होऊ दे. पन्नास वर्षं मी अंडी बसवते. एकदासुद्धा आला नाही. बाहेरचा आला तरच येतो."

"मग मला आधीच का नाही सांगितलं? बन्सीकाकांना विचार म्हणालात?"

भाबींनी माझ्याकडं पाहिलं. बहात्तर वर्षांच्या त्या बाईच्या नजरेत राग असता, तर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती.

"मला वाटलं, या वेळी तरी तो बरोबर सांगेल."

कडूबाची बिडी विझली होती. त्यानं ती पेटवली नाही.

"बन्सी, तुमचा मुर्गा बांधलेला नव्हता," भाबी म्हणाल्या. "तू खुलताबादला गेला होतास, उरसाला. कुणाला न सांगता. सुतळी त्यानं तोडली का तू बांधलीच नव्हतीस, ते अल्लाला माहीत. दोन दिवस तो लाल मुर्गा या अंगणात होता. मी तीन वेळा उचलून भिंतीपलीकडं टाकला, तीन वेळा आला. अब्बांना मी बोलले नाही. म्हटलं, कशाला पोराला बोलणी खायला लावायची. ती माझी चूक. ती मी मानते."

"भाबी—"

"थांब. तू परत आलास, त्याला काखेत मारून भिंतीवरून उतरलास, ते मी खुराड्यामागून पाहिलं. मला वाटलं, पिल्लं निघाली की तू सांगशील. अब्बांनी विचारलं, तू म्हणालास, बांधलेला होता. मग मी काय करू? मी अब्बांना म्हणू, की पुंजारामभाईंचा मुलगा तुमच्या तोंडावर झूट बोलतोय? ते अंधारात बसलेले होते रे. तुमच्या घरच्या शब्दावर बसलेले होते. तो पण काढून घेऊ?"

सुलताननं बाजेखालची माती उकरायला सुरुवात केली. कुणी त्याला हाकललं नाही.

"मंगळवारी पिल्लं निघाली," त्या म्हणाल्या. "अब्बा म्हणाले, आजच काप. मी म्हटलं, सुरी धारेला दिलीय. बुधवारी म्हटलं, धारवाला आला नाही. गुरुवारी तेच. सुरी पिठाच्या डब्यात होती. तीन दिवस मी भिंतीकडं बघत होते. तू रोज ड्युटीवरून यायचास, सायकल टेकवायचास, आत जायचास."

 माझ्याकडं आयुष्यभर शब्द कमी पडले नाहीत, बिदरच्या खानसाम्याला मी मिसरला पोचवलेलं आहे. त्या वेळी मी रिकामा कप उचलून तोंडाला लावला.

"आणि तू म्हणतोस, रस्सा झकास झाला होता." भाबींनी सूप परत मांडीवर ओढलं. "मीठ नव्हतं त्यात, बन्सी. माझ्या हातून घातलंच गेलं नाही. अब्बा पहिल्या घासाला उठले. मी खाल्लाच नाही. तुझा वाडगा तेवढा पुसून आला, वर निरोप, असा रस्सा कधी खाल्ला नाही."